उधाण, दूरच्या लाटा आणि वादळ: बेटावर नि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काय बघावं, कधी निघावं

मे महिन्यातली दुपार, आकाश निरभ्र, वारा जेमतेम. समुद्र मात्र धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढून आलेला. असं का होतं हे ज्याला ठाऊक नाही, तो नेमक्या अशा दिवशी मुलाबाळांना घेऊन पाण्यात उतरतो. २०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हेच घडलं. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने, म्हणजे समुद्राचे इशारे देणाऱ्या केंद्रीय संस्थेने, केरळपासून मुंबईपर्यंत उंच लाटांचा इशारा दिला होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच तरुण मुलं लाटांनी ओढून नेली. आपल्याकडे मुरुडला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशीही ना वादळ होतं, ना पाऊस.

समुद्राचा धोका आकाशात बघून कळत नाही. भरतीची वेळ, लाटांमधलं अंतर आणि वाऱ्याची दिशा ही तीन एकत्र बघावी लागतात. एकेकटी त्रास देते. दोन जुळली की पाणी अंगणात येतं आणि तिन्ही जुळली की घर जातं. मी श्रीवर्धन तालुक्यातली, निसर्ग वादळ घरात बसून काढलेली. त्यानंतर जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. अर्नाळ्याच्या किल्ल्याभोवती राहणारे कोळी, घारापुरीचे गावकरी, सिंधुदुर्ग किल्ल्यातली कुटुंबं, खाडीतल्या जुव्यावरची, म्हणजे छोट्या बेटावरची, माणसं हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला मागे सरकायला जागा असते. बेटावरच्याला ती नसते, म्हणून त्याचा निर्णय सगळ्यांच्या आधी व्हायला हवा.

पहिलं काम: आजची भरती किती वाजता, ते तोंडपाठ हवं

मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं. पण वादळात मोबाइल बंद पडतो, आणि तेव्हा कोकणातला जुना हिशोब कामाला येतो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबई-रायगडच्या बाजूला बरा जुळतो. मालवण-वेंगुर्ल्याला भरती याच्या आधी येते. तिथल्यांनी आठवडाभर घड्याळ लावून पाहावं आणि आपल्या बंदराचा फरक एकदाच काढून ठेवावा.

अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती, हे सगळ्यांना माहीत असतं. विसरलं जातं ते एवढंच, की सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेच्या दिवशी न येता पुढच्या एक-दोन दिवसांत येतं. पौर्णिमा सुखरूप गेली म्हणून होडी खाली ठेवली आणि द्वितीयेला गेली, असं होतं. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. ती यादी भिंतीवर हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी भरती जवळपास साडेचार मीटरची होती, त्यामुळे पडलेल्या पाण्याला समुद्रात जायला वाटच राहिली नाही.

निसर्गचा हिशोब मी नंतर मांडला. ३ जून २०२०, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी संपून त्रयोदशी लागलेली. पाऊणपट केली तर भरती साडेनऊ-दहाची. वादळ जमिनीवर आलं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे पाणी उतरत असताना. तेच वादळ तीन तास आधी आलं असतं तर समुद्र कुठवर शिरला असता, हे आमच्या पाखाडीत, म्हणजे वस्तीत, कोणालाही विचारा. म्हणून वादळाच्या बातमीत ‘किती वाजता’ हे ऐकलं की लगेच शेजारी भरतीची वेळ लिहायची. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास हा आपला जोखमीचा काळ.

दुसरं काम: लाटा मोजा

जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आखूड आणि विस्कटलेल्या असतात, एकीमागून एक पाच ते आठ सेकंदांनी फुटतात. हजारो किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या लाटा वाटेत गाळल्या जातात. त्या दिसायला सपाट आणि सुबक असतात, पण दोन लाटांत पंधरा ते वीस सेकंदांचं अंतर असतं. अशा एका लाटेत पाण्याचा साठा फार मोठा असतो आणि ती उथळ पाण्यात आली की अचानक उभी राहते. दक्षिण महासागरात उठलेल्या या लाटा हिंदी महासागर पार करून चार-पाच दिवसांनी आपल्याकडे पोचतात. वादळ तिकडेच विरून जातं, आपल्याला फक्त त्याची लाट मिळते. केरळातले मच्छीमार याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. शास्त्रज्ञांनीही पुढे हाच शब्द उचलला.

मोजायची रीत सोपी आहे. धक्क्यावर किंवा उंच कातळावर, पाण्यापासून लांब उभं राहा. एक लाट फुटली की ‘शून्य’ म्हणून घड्याळ बघा, दहावी फुटली की पुन्हा बघा, आणि आलेल्या सेकंदांना दहाने भागा. उत्तर चौदा-पंधराच्या वर आलं तर त्या दिवशी आकाश कितीही छान असो, मुलांना पाण्यात सोडू नका, कातळावर गळ टाकायला बसू नका, होडी खाडीच्या तोंडातून काढू नका. दूरच्या लाटा टोळीने येतात, हे आणखी एक. दहा-पंधरा मिनिटं समुद्र शांत वाटतो आणि मग चार-पाच मोठ्या लाटा लागोपाठ येतात. माणसं वाहून जातात ती बहुतेक या शांत मिनिटांवर विश्वास ठेवून. खडपावर पाय ठेवण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघत बसावं. कातळाचा जो भाग ओला आणि काळा दिसतो, तिथवर लाट येऊन गेलेली आहे आणि पुन्हा येणार आहे.

इन्कॉइसच्या अंदाजात लाटेची उंची तीन मीटर लिहिली असेल तर ती सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यातली एखादी लाट जवळपास दुप्पट असू शकते. त्याच अंदाजात लाटांचा कालावधी सेकंदांत दिलेला असतो. लोक उंचीचा आकडा वाचतात आणि कालावधी सोडून देतात. माझ्या मते सेकंदांचा आकडा आधी वाचावा. ‘समुद्र’ हे इन्कॉइसचं ॲप आहे, हवामानासाठी ‘मौसम’, आणि सरकारी आपत्ती-इशाऱ्यांसाठी ‘सचेत’.

तिसरं काम: वारा कुठून येतोय

आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र साधारण आपल्या डाव्या हाताला असतं. ही खूण जुन्या तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांना, पक्की ठाऊक असते आणि ती शाळेत शिकवायला हवी.

याचा उपयोग बघा. वादळ अरबी समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर चढत असेल आणि त्याचा डोळा, म्हणजे केंद्र, आपल्या उत्तरेला असेल, तर आपल्याकडे वारा समुद्रावरून येणार, पाणी जमिनीवर ढकलणार. डोळा दक्षिणेला असेल तर वारा जमिनीकडून सुटतो. झाडं पडतात, पण समुद्र कमी चढतो. वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जात असेल, जसं मे २०२१ मधलं तौक्ते गेलं, तर आधी वारा पूर्वेकडून, मग दक्षिणेकडून, आणि केंद्र पुढे सरकल्यावर नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे ‘वादळ पुढे गेलं’ अशी बातमी येते तेव्हाच समुद्र घरात शिरण्याची वेळ सुरू झालेली असते. बेटावरच्या माणसांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आणि डोळा नेमका डोक्यावर आला तर? निसर्गच्या दिवशी सकाळपासून वारा आग्नेयेकडून होता. दुपारी एकदम पडला, पानही हलेना, उजेड वाढला. आमचे काका म्हणाले, संपलं बहुतेक, आणि वाडीत किती पोफळी पडल्या ते बघायला निघाले. काकू ओरडत होती. अर्ध्या तासाच्या आत वारा उलट फिरून समुद्राकडून आला आणि पहिल्या झोतात अर्धवट हललेला माड काकांच्या पायावर पडला. आम्ही चौघांनी झावळ्या बाजूला करून त्यांना पडवीत ओढलं. काका आजही लंगडतात. म्हणून नियम एकच ठेवा: वारा अचानक पडला तर दार उघडायचं नाही. रेडिओवर वादळ पुढे गेल्याचं ऐकू येईपर्यंत, आणि त्यानंतरही वारा हळूहळू कमी होईपर्यंत, आतच थांबायचं.

इशारा आल्यावर घड्याळ कसं लावायचं

हवामान खातं चार टप्प्यांत सांगतं. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, आणि जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी लाल. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्याला चक्रीवादळ म्हणतात, ८९ झाला की तीव्र, ११८ च्या पुढे अतितीव्र. निसर्ग चढलं तेव्हा वारा ११० ते १२० चा होता. म्हणजे ‘अतितीव्र’ नाव लागायची वाट बघण्यात अर्थ नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की छोट्या होड्यांनी बाहेर पडायचं नाही, मग आकाश कसंही असो.

बेटावर या टप्प्यांना आपण एक पायरी आधी वागायचं, हा माझा आग्रह आहे. किनाऱ्यावरचा माणूस नारिंगीला निघेल, तर बेटावरच्याने पिवळ्याला निघावं. कारण नारिंगी लागेपर्यंत वादळाच्या पुढे धावणाऱ्या लाटा येऊन पोचलेल्या असतात आणि होडी धक्क्याला लागत नाही. ७२ तासांची सूचना आली की त्याच दिवशी बाळंतीण, दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसवरचा किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस आणि अगदी लहान मुलं पलीकडे नातेवाइकांकडे पोचवायची. शेवटची फेरी कोणती, हे तांडेल आणि सरपंच यांनी मिळून आदल्या संध्याकाळी जाहीर करायचं, आणि ती फेरी भरतीच्या तासाला, उजेडात, लाईफ जॅकेट घालूनच. ‘आणखी एक खेप मारू’ म्हणणाऱ्याला गावाने अडवावं.

ओहोटी चालू असताना खाडीच्या तोंडातून जाऊ नये. उतरणारं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते, आणि वाळूच्या दांड्यावर दोन्ही आदळून उभी भिंत तयार होते. समुद्रात टिकलेल्या होड्या घराच्या उंबऱ्याशी इथेच उलटतात.

जे राहणार आहेत त्यांनी आधीच ठरवावं कुठे जमायचं: बेटावरची सगळ्यात पक्की, उंचावरची, समुद्राच्या उलट बाजूला असलेली इमारत. शाळा असेल, देऊळ असेल. एका आठवड्याचं पाणी, औषधं आणि कोरडं खाणं तिथे आधी पोचलं पाहिजे. लक्षद्वीपसारख्या प्रवाळबेटांवर तर चढून जायला टेकडीच नाही. जमीन समुद्रापासून काही मीटरच वर. १८४७ च्या वादळात कल्पेनी बेटावर समुद्राने फेकलेल्या प्रवाळाच्या दगडांची रास किनाऱ्यावर उभी राहिली. फिरायला जाणाऱ्या आपल्या लोकांनी तिथलं एक लक्षात ठेवावं. प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं निळं, उथळ पाणी, म्हणजे लगून, शांत दिसतो, पण बाहेर मोठ्या लाटा असल्या की प्रवाळाच्या भिंतीवरून पाणी आत साठत राहतं आणि ते एखाद्या खिंडीतून जोराने बाहेर पडतं. त्या खिंडीच्या आसपास पोहणं किंवा कयाक नेणं नाही म्हणजे नाही. स्थानिक माणूस ‘आज नको’ म्हणाला तर पैसे भरलेत हे विसरायचं.

मासेमारीला गेलेल्यांचं वेगळं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, प्रवासी होड्या आणि जलक्रीडा सहसा २६ मे पासून ऑगस्टअखेर बंद असतात. पण वादळांचा दुसरा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर, जेव्हा सगळ्या होड्या बाहेर असतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं. ओखी २०१७ च्या डिसेंबरात लक्षद्वीपवरून गेलं, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ होड्या ९५२ मच्छीमारांसह देवगडच्या आश्रयाला आल्या. म्हणून घरी परतण्याचा हट्ट नको. जवळचं कुठलंही बंदर हे आपलंच. होडीवर व्हीएचएफ रेडिओ संच १६ नंबरवर चालू, संकटसूचक यंत्राची बॅटरी तपासलेली, आणि किती खलाशी, कोण कोण, याची चिठ्ठी किनाऱ्यावर.

घर, होडी, वाडी

इथे फार सांगत नाही, कारण आपल्या बायकांना हे येतं. माडावरचे नारळ आणि सुक्या झावळ्या आधी उतरवा. वाऱ्यात सुटलेला नारळ माणूस मारतो. पत्र्यांचे हुक आवळा. होडी वर ओढताना आजच्या भरतीच्या रेघेवर समाधान मानू नका, उधाणाच्या रेघेच्याही वर न्या आणि मगच शाकारा. विहिरीवर झाकण. वीज मेनपासून बंद, सिलिंडरचं रेग्युलेटर बंद. गुरांची दावी सोडा, बांधलेलं जनावर पाण्यात मरतं. रेशनकार्ड, आधार, सात-बारा, नौकेचा परवाना, बँकेचं पुस्तक हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, कमरेला. आणि घराचे, वाडीचे, होडीचे फोटो वादळाच्या *आधी* काढा. पंचनाम्याच्या वेळी ‘इथे किती पोफळी होत्या’ असं विचारतात, तेव्हा पडलेली झाडं मोजणं सोपं नसतं.

पाण्याच्या ओढीत कोणी सापडलं तर

लाटा ओळीने फुटत असताना मधेच एक पट्टा असा दिसतो, की तिथे फेस नाही, पाणी गडद आणि शांत. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथून परत जात असतं. ओढ लागली तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमून जाल. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत फेस दिसतो त्या बाजूला सरका.

बाहेर उभा असलेल्याने उडी मारू नये. एकाला वाचवायला दुसरा आणि त्याला वाचवायला तिसरा गेला, अशी कितीतरी घरं उजाडली आहेत. बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होतं, एवढंच दिसतं. झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन आणि त्याला बांधलेली तीस-चाळीस हात दोरी प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक टपरीवर टांगलेली असावी. खर्च काहीच नाही. बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छाती दाबा, तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच.

नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, काहीच आठवलं नाही तर ११२.

पाणी ओसरल्यावर

पडलेल्या तारेला हात नाही, ती बंद आहे असं कोणीही सांगो. विहिरीत खारं पाणी शिरलं असेल तर उपसा करा, पण घाईने तळापर्यंत नको. नाहीतर बाजूचं खारं पाणी आत ओढलं जातं. थोडं उपसायचं, झरे भरू द्यायचे, पुन्हा उपसायचं. मग ग्रामपंचायतीकडून टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, घेऊन टाका आणि तोवर पाणी उकळूनच प्या. धक्क्याचे दगड खालून पोकळ झालेले असतात, पहिली होडी लागण्याआधी पहारीने ठोकून बघा. लाटा दोन-तीन दिवस चालू राहतात, तेवढे दिवस मुलांना किनाऱ्यावर एकटं सोडू नका.

आणि भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ चुन्याने पुसण्याआधी तिच्यावर रंगाने ठळक खूण करा. शेजारी तारीख, तिथी, वेळ आणि वारा कुठून होता ते लिहा. आमच्या पाखाडीत देवळाच्या मागच्या खांबावर आता अशा तीन रेघा आहेत. इशारा आला की माणसं आधी त्या खांबापाशी जातात.